'डावा डोळा मीट' हा हुकूम आता बंद करा

"डावा डोळा मीट, उजव्याने बघ आणि मार!" बंदूक हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेले असते, मग ते एनसीसीच्या शिबिरात असो की जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानात. आपल्या गोरेगाव तालुक्यात पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलेमुली कमी नाहीत. निवड झाल्यावर त्यांनाही गोळीबार शिकायचा आहे. म्हणून डॉक्टर या नात्याने स्पष्टच सांगतो : सरसकट सगळ्यांना दिलेला हा हुकूम चुकीचा आहे. त्यापायी चांगल्या मुलावरही 'याला नेमच नाही' असा शिक्का बसू शकतो.

डोळ्यांतही उजवे-डावे असते

आपण लिहायला एक हात वापरतो, तसाच नेम धरताना मेंदू एका डोळ्यावर जास्त विसंबतो. त्याला प्रबळ डोळा म्हणतात. साधारण तीनपैकी दोघांचा उजवा डोळा प्रबळ असतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा. मात्र हात उजवा म्हणून डोळाही उजवाच, असा नियम नाही. उजव्या हाताने जेवणाऱ्या-लिहिणाऱ्या कितीतरी जणांचा डावा डोळा प्रबळ असतो. हा आजार नाही, दोष नाही आणि अपशकुन तर मुळीच नाही.

आत्ताच तपासून बघा

दोन्ही हात समोर ताठ करा. दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू बघा, भिंतीवरचे घड्याळ चालेल. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीत तशीच दिसत राहते, तो तुमचा प्रबळ डोळा. तीन-चार वेळा करा. दरवेळी वेगळे उत्तर आले तर तुमचा कोणताच डोळा फारसा प्रबळ नाही, तेही ठीकच आहे. या तपासणीला बंदूक लागत नाही, पैसे लागत नाहीत. वेळ लागतो एक मिनिट.

नेम का चुकतो?

आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असते. बंदूक उजव्या खांद्याला, पण मेंदू बघतोय डाव्या डोळ्याने, असे झाले तर नळीची रेषा आणि नजरेची रेषा वेगळी पडते. छर्‍याच्या बंदुकीत नळीच्या टोकावरची माशी डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर १० मीटरवर नेम अर्ध्या मीटरहून जास्त डावीकडे जाऊ शकतो. मुलगा बिचारा लक्ष देऊनच मारत असतो, आणि आपण त्याला 'लक्ष कुठे आहे तुझे?' म्हणून ओरडतो.

"म्हणूनच तर डावा डोळा मिटायला सांगतो," असे कोणी म्हणेल. पण अनेकांना एकच डोळा मिटता येत नाही. मिटला तरी गालाचे, कपाळाचे स्नायू ताणले जातात आणि थोड्याच वेळात उघडा डोळाही थकतो. शिवाय एक डोळा मिटला की दुसऱ्याची बाहुली किंचित मोठी होते. त्यामुळे माशी आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी पुरेशी स्पष्ट दिसणे अवघड होते.

मग करायचे काय?

नव्याने शिकणाऱ्याचा डावा डोळा ठामपणे प्रबळ असेल, तर त्याला डाव्या खांद्यावरून शिकवून बघा. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. बाजू बदलता येते, हे यावरून समजावे.

प्रशिक्षकांची अडचणही खरी आहे. नेहमीच्या रायफली उजव्या खांद्यासाठीच बनलेल्या असतात, रिकामे काडतूस उजवीकडे उडते आणि रांगेत एकटाच वेगळा झोपला तर शिस्त बिघडते. ठीक आहे, खांदा बदलू नका. डाव्या डोळ्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावा. प्रकाश येतो, चित्र येत नाही आणि डोळा उघडाच राहतो. मोठ्या स्पर्धांतले नेमबाज अशी पट्टी सर्रास वापरतात. पिस्तुलात तर हात लांब असल्याने मान किंचित वळवली तरी भागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली रौप्य मिळवणारे तुर्कीचे युसुफ दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून मारताना साऱ्या जगाने पाहिले.

पालकांनो, एवढे लक्षात ठेवा

प्रबळ डोळा 'बदलून देतो' म्हणून कोणी थेंब, व्यायाम किंवा चष्मा विकत असेल तर पैसे घालवू नका. पण एक डोळा झाकल्यावर मूल चिडत असेल किंवा त्याला धूसर दिसत असेल, तर तो प्रबळ-दुर्बळचा प्रश्न नाही. तो आळशी डोळा असू शकतो. त्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. हे भरतीच्या वैद्यकीय तपासणीत अठराव्या वर्षी कळले तर फार उशीर झालेला असतो.

आणि प्रशिक्षकांनो, पहिली गोळी देण्याआधी प्रत्येकाचा प्रबळ डोळा तपासा आणि वहीत नोंदवा. रागवायचे असेल तर त्यानंतर रागवा.