अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय, पासपोर्ट कॅनडाचा; मग फीचे पैसे आणायचे कुठून?

कॅनडात मेडिकलच्या जागा कमी आणि अर्जदार भरपूर. त्यामुळे अनेक कॅनेडियन विद्यार्थी शेजारच्या अमेरिकेतही अर्ज करतात. प्रवेश मिळाल्यावर मात्र पैशांचा प्रश्न समोर येतो.

खर्च किती येतो?

अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या एएएमसी या संघटनेनुसार, २०२५ च्या तुकडीला खासगी कॉलेजात राहण्या-खाण्यासह चार वर्षांचा खर्च साधारण ३ लाख ९० हजार अमेरिकन डॉलर आला. एका अमेरिकन डॉलरला १.४० कॅनेडियन डॉलर धरले, तर हा आकडा ५ लाख ४० हजारांच्या पुढे जातो.

अमेरिकन सरकार कर्ज देतं का?

नाही. फेडरल शैक्षणिक कर्ज अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि इतर मोजक्या गटांनाच मिळतं. त्यामुळे सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात १० वर्षं हप्ते भरत नोकरी केल्यावर उरलेलं कर्ज माफ करणारी योजनाही कॅनेडियन विद्यार्थ्याच्या कामाची नाही.

मग कॅनडातून काय मिळतं?

पहिला मार्ग सरकारी कर्जाचा. मान्यताप्राप्त यादीतल्या परदेशी कॉलेजांसाठीही ते मिळतं. त्यातल्या केंद्र सरकारच्या वाट्यावर १ एप्रिल २०२३ पासून व्याज नाही. पण रक्कम आठवड्याला काही शे डॉलर, म्हणजे अमेरिकेतल्या फीपुढे फारच थोडी.

दुसरा आणि मुख्य मार्ग बँकेच्या 'लाइन ऑफ क्रेडिट'चा. लागेल तेवढे पैसे काढायचे आणि काढलेल्या रकमेवरच व्याज भरायचं. मोठ्या बँका मेडिकलच्या विद्यार्थ्यांना साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास मर्यादा देतात.

गणित कुठे अडतं?

ही मर्यादा कॅनडातल्या खर्चाला पुरते. अमेरिकेत खासगी कॉलेज असेल तर जवळपास दोन लाख कॅनेडियन डॉलर कमी पडतात. कॅनेडियन डॉलर घसरला की ही तूट आणखी वाढते.

शिवाय, परदेशी कॉलेजसाठी बँक अनेकदा जामीनदार मागते. तो बहुतेक वेळा आई किंवा वडीलच असतात. शिक्षण अर्धवट सुटलं तरी कर्ज त्यांच्या मानेवर राहतं. अमेरिकेतले खासगी कर्जदातेही परदेशी विद्यार्थ्याकडे सहसा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार मागतात. काही कॉलेजं तर एक ते चार वर्षांची फी आधीच एस्क्रो खात्यात भरायला लावतात.

नवा नियम काय सांगतो?

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, १ जुलै २०२६ पासून 'ग्रॅड प्लस' कर्ज नव्या कर्जदारांसाठी बंद. मेडिकलसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर. म्हणजे खुद्द अमेरिकन विद्यार्थ्यांनाही आता खासगी कर्जाच्या रांगेत उभं राहावं लागणार. कॅनेडियन विद्यार्थी त्या रांगेत आधीपासूनच आहेत.

पीआर असलेल्या मराठी कुटुंबांनी काय पाहावं?

भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचं पीआर असलेल्यांना अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. कॅनेडियन नागरिकांना तो शिक्का लागत नाही, पण पैशांची तजवीज कागदावर दोघांनाही दाखवावी लागते. 'कॅनेडियन अर्जदार' म्हणजे फक्त नागरिक की पीआरधारकही, हे कॉलेजनुसार बदलतं.

म्हणून अर्जाची फी भरण्याआधीच तीन गोष्टी विचाराव्यात. या कॉलेजसाठी बँक पूर्ण मर्यादा देईल का? जामीनदार लागेल का? एस्क्रोची अट आहे का? प्रवेशाचं पत्र हातात पडल्यावर ही उत्तरं शोधायला फार थोडे दिवस उरतात.