‘एक वर्ष’ म्हणजे किती वर्षे?

करारपत्रात ‘एक वर्ष’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एक वर्ष असाच होतो, की मालकाची इच्छा असेल तितकी वर्षे असा होतो, हा प्रश्न सकृद्दर्शनी पोरकट वाटेल. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या धंद्यात हाच प्रश्न जवळजवळ शतकभर लोंबकळत राहिला होता. तो अखेर धसास लागला तो कोणा कायदेपंडिताच्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर अँडी मेसरस्मिथ नावाच्या एका पिचरच्या चिकाटीमुळे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि नोकरी करून पोट भरणाऱ्या प्रत्येकाने या माणसाची कहाणी समजून घेण्याजोगी आहे.

बेसबॉलमधील पिचर म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील गोलंदाज. फरक असा, की चेंडूचा टप्पा पाडून खेळपट्टीची मदत घेण्याची सोय त्याला नसते. साडेसाठ फुटांवर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे तो चेंडू थेट फेकतो आणि एका सामन्यात शंभर-सव्वाशे वेळा खांदा व कोपर पणाला लावतो. हा ताण इतका असतो, की एकदा पूर्ण सामना खेळल्यावर तीन-चार दिवसांची विश्रांती त्याला घ्यावीच लागते. पिचरचे भांडवल म्हणजे त्याचा एक हात. ते नाशिवंत असते, त्याचा विमा उतरवून शांत झोपता येत नाही, आणि तेजीचा काळ फार तर दहा-बारा वर्षांचा असतो. असे भांडवल असलेल्या माणसाला आपली सेवा कोणाला विकावयाची हे ठरविण्याची मुभा नसेल, तर तिचा भाव कोण ठरविणार, हे निराळे सांगावयास नको.

ही मुभा खेळाडूंना नव्हती. १८७९ साली संघमालकांनी आपसात ठरविले, की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. कालांतराने ही राखीव व्यवस्था सर्वच खेळाडूंना लागू झाली आणि करारपत्रात एक कलम होऊन बसली. नव्या हंगामाच्या अटींवर एकमत झाले नाही, तर मालकाला जुना करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष चालू ठेवता येईल, असा त्या कलमाचा आशय होता. मालकांचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. करार जसाच्या तसा चालू राहतो, म्हणजे त्यातील नूतनीकरणाचे कलमही चालू राहते. तेव्हा पुढील वर्षी पुन्हा नूतनीकरण, त्याच्या पुढील वर्षी पुन्हा, आणि असे खेळाडू निवृत्त होईपर्यंत! खेळाडूने सही केली काय आणि न केली काय, तो त्याच संघाचा. संघाला मात्र त्याला विकण्याची, दुसऱ्याशी अदलाबदल करण्याची किंवा घरी पाठविण्याची पूर्ण मोकळीक.

कामगारांना एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारपेठेचे उदाहरण म्हणून आम्ही वर्गात एका गावातील एकुलत्या एका गिरणीची गोष्ट सांगतो. बेसबॉलमध्ये गिरण्या चोवीस होत्या. परंतु प्रत्येक मजुरापुरती एकच गिरणी उघडी होती. त्यातून न्यायालयांनीही मालकांचीच पाठराखण केली. बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येणारा आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली दिला. १९५३ साली तो कायम राहिला. १९६९ साली आपली परस्पर अदलाबदल झाल्याचे कळताच कर्ट फ्लड या नामांकित खेळाडूने जाण्याचे नाकारले व न्यायालयात धाव घेतली. १९७२ साली पाच विरुद्ध तीन अशा मताधिक्याने तोही हरला. जुनी सवलत विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ती दूर करणे हे काँग्रेसचे काम आहे, असे सांगून हात झटकले. फ्लडची कारकीर्द त्या लढ्यात खर्ची पडली.

अशा वेळी मेसरस्मिथ पुढे येतो. १९४५ साली न्यू जर्सीत जन्मलेला आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून तयार झालेला हा उजव्या हाताचा पिचर १९६८ साली कॅलिफोर्निया एंजल्स संघातून व्यावसायिक बेसबॉलच्या वरिष्ठ वर्तुळात आला. १९७१ साली त्याने वीस सामने जिंकून दिले. १९७२ च्या अखेरीस एंजल्सने त्याला इतर खेळाडूंच्या बदल्यात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या हवाली केले. तेथे १९७४ च्या हंगामात त्याने वीस विजय मिळविले व केवळ सहा पराभव पत्करले. १९७५ साठी त्याला सुमारे १ लाख १५ हजार डॉलर वेतन होते. त्याची मागणी एवढीच, की माझ्या संमतीवाचून मला दुसऱ्या संघाकडे धाडू नये. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर घराची, मुलांच्या शाळेची, वृद्ध आईबापांची काय उलथापालथ होते, याची कल्पना आपल्याकडील नोकरदाराला द्यावयास नको. डॉजर्सचे व्यवस्थापन पैशाच्या बाबतीत पुढे सरकले; या एका कलमाच्या बाबतीत तसूभर हलले नाही. कारण उघड होते. पैसा देणे म्हणजे खर्च वाढविणे. संमतीचा अधिकार देणे म्हणजे मालकी सोडणे.

मेसरस्मिथने सही केली नाही. संघाने कराराचे परस्पर नूतनीकरण केले आणि तो बिनसहीचा खेळत राहिला. या वर्षात त्याने काय केले हे पाहण्यासारखे आहे. त्याने अंग चोरले नाही. नॅशनल लीगमधील सर्वांत अधिक, म्हणजे ३२१ हून अधिक डाव त्याने टाकले. १९ सामने एकट्याने पूर्ण केले. त्यांपैकी ७ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव मिळू दिली नाही. त्या वर्षी हात दुखावला असता, तर ना हाती करार, ना पुढचा संघ, अशी अवस्था ओढवली असती.

मेसरस्मिथने ऐन वेळी सही केली तर प्रकरणच बारगळेल, या भीतीने खेळाडूंच्या संघटनेने डेव्ह मॅकनॅली या दुसऱ्या पिचरलाही सोबत घेतले. बाल्टिमोर ओरिओल्सकडून सलग चार हंगाम वीस किंवा अधिक विजय मिळविलेला मॅकनॅली १९७५ साली माँट्रिऑल संघात बिनसहीचा खेळून, हंगामाच्या मध्यावरच खेळ सोडून माँटानातील आपल्या गावी परतला होता. संघाचा अधिकारी थेट त्याच्या गावी पोहोचला आणि सही करून नुसता सराव शिबिरात हजर झाला तरी २५ हजार डॉलर देऊ, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. त्याला पुढे खेळावयाचे नव्हते. म्हणजे निर्णयापासून त्याला मिळावयाचे काहीच नव्हते.

प्रकरण न्यायालयापुढे नव्हे, तर लवादापुढे गेले. संघटनेचे सूत्रधार मार्व्हिन मिलर हे मूळचे अर्थतज्ज्ञ आणि पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेले. तक्रार निःपक्षपाती लवादाकडे नेण्याची तरतूद त्यांनी १९७० च्या सामूहिक करारात पदरात पाडून घेतली होती. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ती बातमी नव्हती. परंतु पुढील सारा इतिहास त्या रुक्ष कलमावर उभा आहे. लवाद पीटर साइट्झ यांनी दोन्ही पक्षांना आपसात मिटविण्याचा सल्ला दिला. मालकांनी तो मानला नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी साइट्झ यांनी निर्णय दिला, की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मेसरस्मिथ व मॅकनॅली आता मोकळे आहेत. मालकांनी लवादाला तत्काळ बडतर्फ केले आणि न्यायालये गाठली. १९७६ च्या प्रारंभी तेथेही त्यांचा पराभव झाला.

येथे एक आक्षेप येणारच. लाख डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूच्या दास्याबद्दल आपण अश्रू का ढाळावेत? आक्षेप रास्त आहे, आणि अश्रू ढाळण्याचे कारणही नाही. परंतु वेतन न्याय्य आहे की नाही, हे पोट भरते की नाही यावरून ठरत नाही. आपल्या श्रमातून जे निर्माण होते त्यातील किती वाटा आपल्याकडे येतो, आणि तो अपुरा वाटल्यास दुसरे दार ठोठावता येते की नाही, यावरून ते ठरते. जेरल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली खेळाडूंच्या वेतनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संघाला मिळवून दिलेल्या उत्पन्नाचा लहानसाच अंश खेळाडूंच्या पदरी पडतो, असे त्यात दिसून आले. उरलेला भाग परोपकारात जात नव्हता.

मालकांचा दुसरा युक्तिवाद अधिक चतुर होता. खेळाडू मोकळे झाले तर श्रीमंत संघ सर्व गुणी मंडळी गोळा करतील, स्पर्धा संपेल आणि प्रेक्षक पाठ फिरवतील, असे ते सांगत. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ सालीच या म्हणण्यातील हवा काढून घेतली होती. ज्या शहरात गुणाचे मोल अधिक, तेथे गुण जाणारच. राखीव कलम त्याला अडवीत नाही. फक्त मधल्या सौद्याचा पैसा खेळाडूऐवजी मालकाला मिळतो. पिचर म्हणून पुढे आलेल्या बेब रूथला बोस्टनने १९१९ च्या अखेरीस न्यूयॉर्कला विकले, तेव्हा हेच झाले नव्हते काय? अनुभवानेही रॉटेनबर्ग यांचाच पक्ष घेतला. १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत अजिंक्यपद दहा वेगवेगळ्या संघांनी मिळविले. १९७५ साली सुमारे ३ कोटी प्रेक्षक मैदानावर आले होते. १९८० साली ती संख्या ४ कोटी ३० लाखांवर गेली. मध्यंतरी दोन नवे संघ वाढले होते हे खरे, पण तेवढ्याने एवढी वाढ होत नाही. खेळाडूंचे सरासरी वार्षिक वेतन याच काळात सुमारे ४५ हजार डॉलरवरून १ लाख ४४ हजारांच्या घरात गेले.

विजयानंतर मिलर यांनी जे केले, ते अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावे. ओकलंड संघाचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी सुचविले होते, की सर्वच खेळाडूंना दरवर्षी मोकळे करून टाकावे. मिलर यांना नेमकी याचीच धास्ती होती. कारण सर्व माल एकदम बाजारात आला तर भाव कोसळणार! इतर मालकांनी फिन्लींचे ऐकले नाही. १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्तता ठरली, आणि दोन्ही पक्षांना ती आपापली जीत वाटली.

आणि मेसरस्मिथ? एप्रिल १९७६ मध्ये टेड टर्नर यांच्या अटलांटा ब्रेव्हज संघाने त्याला तीन वर्षांसाठी सुमारे १० लाख डॉलरच्या बोलीवर घेतले. त्याचा क्रमांक १७; टर्नर यांच्या दूरचित्रवाणी केंद्राची वाहिनीही १७. तेव्हा त्याच्या पाठीवर नावाच्या जागी ‘चॅनल’ हा शब्द झळकला, आणि लीगला तो काढावयास लावावा लागला. मोकळा झालेला माणूस जाहिरातीची पाटी होतो, हाही बाजाराचा एक धडा. त्या हंगामात त्याने ११ सामने जिंकले व तितकेच हरले. पुढे कोपर आणि खांदा जायबंदी झाला. डिसेंबर १९७७ मध्ये अटलांटाने त्याला न्यूयॉर्क यँकीजला विकले. १९७९ साली, पुन्हा डॉजर्सकडून थोडेसे खेळून, तो थांबला. एकूण १३० विजय, ९९ पराभव आणि दर नऊ डावांमागे सरासरी २.८६ धावा हा त्याचा जमाखर्च.

२०२४ साली या लीगमधील किमान वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते. हे वेतन घेणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना मेसरस्मिथ ठाऊक असेल कोण जाणे. मिलर यांना बेसबॉलच्या गौरव दालनात स्थान मिळाले, तेही त्यांच्या मृत्यूनंतर, वारंवार डावलले गेल्यावर. मेसरस्मिथ त्या दालनात नाही. त्याचे आकडे चांगले असले तरी तेवढे मोठे नाहीत, हे कोणीही मान्य करील. मात्र ज्या वाक्याखाली खेळाडूंच्या कित्येक पिढ्या मुकाट्याने सह्या करीत आल्या, त्या वाक्याचा सरळ अर्थ काय, हे पाहण्यासाठी त्याने आपले उमेदीचे एक वर्ष आणि आपला उजवा हात पणाला लावला. तो निर्णय दोन खेळाडूंपुरता होता. त्याचा लाभ मात्र पुढे आलेल्या प्रत्येकाला मिळत आला आहे.