चिठ्ठ्यांची पेटी

नाशिकच्या वेशीवरील एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गापुढे एड्सप्रतिबंधावर व्याख्यान देण्याचा प्रसंग मागे माझ्यावर आला, तेव्हा माझ्या तासाभराच्या विवेचनातून मुलांच्या पदरात काय पडले हे मला सांगता यावयाचे नाही; परंतु नंतर, खडूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून केलेल्या पेटीतून ज्या निनावी चिठ्ठ्या निघाल्या, त्यांनी माझे अज्ञान पुरते उघडे पाडले. “गडावरच्या जत्रेत सगळ्यांना एकाच सुईने गोंदलं तर एड्स होतो का?” असे एकीत होते. दुसरीत, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेले, “गोळ्या चालू असलेल्या मुलाच्या डब्यातलं खाल्लं तर चालतं का?” सुईचा धोका खरा, डब्याचा मुळीच नाही; पण माझ्या व्याख्यानात सुईही नव्हती आणि डबाही नव्हता, विषाणूची रचना तेवढी सविस्तर होती.

प्रश्नांना उत्तरे देणे हा आपल्या प्रांतात जुना अपराध आहे. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याचे मासिक काढणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये खटला झाला तो वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांपायी, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा वकील उभा असूनही दंड चुकला नाही. पुढे नववी-अकरावीसाठी केंद्राने आखलेला किशोरावस्था शिक्षणाचा सोळा तासांचा कार्यक्रम २००७ साली, लोकप्रतिनिधींनी त्यातील मजकुरावर व चित्रांवर हरकत घेतल्यावरून, महाराष्ट्रात तहकूब झाला. काही चित्रे बदलण्याजोगी असतीलही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या साऱ्या गदारोळात, ज्यांच्यासाठी तो खटाटोप, त्या मुलांची जबानी काही कोठे ऐकू आली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की चिठ्ठ्या आधी जमवाव्या आणि धडा मागाहून रचावा, व तो रचताना वर्गाने स्वतः निवडलेली दोन मुले आणि दोन मुली परिचारिकेच्या शेजारी बसवाव्या. आश्रमशाळा चालवणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे; त्याने हा प्रयोग आपल्या शाळांतही करावा. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांत, आईबाप द्राक्षबागांच्या मजुरीला गेल्यावर, दिवे मालवल्यानंतरची शंका पोर शेजारच्या वळकटीवरच्या मोठ्या मुलालाच विचारणार, मास्तरांना नव्हे. तेव्हा त्या मोठ्या मुलाला खरे उत्तर ठाऊक असणे हे दहा परिपत्रकांहून अधिक उपयोगाचे. मात्र गोळ्या कोणाला चालू आहेत, हे हुडकण्याचे काम निवडलेल्या मुलांकडे चुकूनही जाऊ नये. एचआयव्हीबाधिताला शाळेत भेदभावाची वागणूक देण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, हेही त्यांना त्याच तासाला सांगावे.

त्या दिवशीच्या शेवटच्या चिठ्ठीत एवढेच विचारले होते, की ही पेटी उद्याही इथे असेल का. मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले.