मणी ओवणारे हात आणि फुरसतीचा हक्क

पक्षकार्यकर्त्यांच्या वर्तुळात 'छंद' हा शब्द काहीशा उपहासानेच उच्चारला जातो. महागाई, बेकारी, बंद पडणारे कारखाने, दुष्काळ असे प्रश्न दाराशी उभे असताना काचमणी आणि तांब्याची तार घेऊन कानातले, गळ्यातले, हातातले करीत बसणे हा सुखवस्तूंचा विरंगुळा होय, अशी त्यांची समजूत असते. शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून हा छंद आज चांगलाच रुजला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत त्याचे वर्ग चालतात. मुली, गृहिणी आणि निवृत्त माणसेही त्यात रमतात. समाजवादी कार्यकर्ता मात्र त्याकडे पाठ फिरवतो. ही उपेक्षा योग्य नाही, कारण छंदाचा प्रश्न हा अखेर श्रमाचा आणि वेळेचा प्रश्न आहे. आणि हे दोन्ही प्रश्न समाजवादाच्या गाभ्याचे आहेत.

या कामात प्रत्यक्ष घडते काय? तार किती जाड घ्यावी, मणी कोणत्या क्रमाने ओवावेत, कडी कोठे वळवावी हे सर्व करणारी व्यक्ती स्वतः ठरवते. तार एकाच जागी वारंवार वाकवली की ती कडक होते आणि तुटते. गोल तोंडाच्या पकडीने एकाच प्रयत्नात नेमका वळसा घालायचा तर हाताला सवय आणि मनाला संयम लागतो. चूक झाली तर ओवलेले उसवून पुन्हा प्रारंभ करता येतो. वर मुकादम उभा नसतो, घड्याळाचा धाक नसतो. आणि शेवटी जी वस्तू हाती येते ती आरंभापासून अंतापर्यंत त्याच हातांची असते. यंत्राच्या साखळीवर दिवसभर एकच खिळा बसवणाऱ्या अथवा कचेरीत एकाच प्रकारचे कागद पुढे सरकवणाऱ्या माणसाला हा अनुभव मिळत नाही. श्रमातून परका झालेला माणूस छंदात स्वतःला क्षणभर परत भेटतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

इंग्लंडमधील विल्यम मॉरिस हा थोर कारागीर १८८० नंतरच्या दशकात समाजवादी चळवळीत उतरला तो याच जाणिवेने. श्रमात विश्रांतीची, उपयुक्त फळाची आणि कामातल्या आनंदाची आशा असेल तरच तो माणसाला शोभतो, अशी मांडणी त्याने १८८४ च्या सुमाराच्या एका व्याख्यानात केली. परंतु त्याच्याच कंपनीतील हाताने घडवलेल्या सुंदर वस्तू प्रायः श्रीमंतांनाच परवडत. या विसंगतीचा उगम त्याच्या स्वभावात नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या समाजरचनेत होता. सौंदर्य निर्माण करण्याचा आनंद थोड्यांच्या वाट्याला आणि कष्ट बहुतेकांच्या वाट्याला, हीच ती रचना.

महाराष्ट्रातील स्त्रियांना ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. लग्नातील रुखवत हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे एकमेव कलाप्रदर्शन होते. मण्यांची तोरणे, मण्यांनी मढवलेले नारळ, विणलेले रुमाल हे सारे तेथे मांडले जाई, चार घटका वाखाणले जाई आणि मग माळ्यावर जाई. करणारीचे नाव कोणी नोंदवत नसे. तरीही स्वयंपाक, धुणे, मुले, आजारपणे यांतून चोरलेल्या वेळात ती कला जिवंत राहिली. तो वेळ आजही चोरावाच लागतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्ची पडतात आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे, असे आढळले. छंद कोणाला जोपासता येतो आणि कोणाला नाही, याचे उत्तर बव्हंशी या दोन आकड्यांत आहे.

फुरसत ही कोणी दान दिलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी कामगार संघटित केले. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज जो कोणी रविवारी दुपारी मण्यांची डबी उघडून बसतो, त्याच्यावर त्या लढ्याचे ऋण आहे. ते ऋण विसरले जात आहे, म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली तेव्हा व्हावा तसा क्षोभ झाला नाही. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला कामगार घरी येऊन काय निर्माण करणार? तो झोपणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहणार.

या चित्राची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून हजारो स्त्रिया मणी ओवतात, तारेच्या कड्या जोडतात, खोट्या दागिन्यांत खडे बसवतात. हात तेच, पक्कड तीच, मणीही तसेच. परंतु नमुना दलालाचा, मुदत दलालाची आणि डझनावारी ठरणारा दरही दलालाचाच. उजेड, जागा आणि डोळे तेवढे तिचे. मोबदल्याचा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते: 'बायका फावल्या वेळात करतात.' म्हणजे ज्या स्त्रीपाशी फावला वेळ औषधालाही नाही, तिचे श्रम 'फावल्या वेळाचे' ठरवून तिला कामगारपण नाकारायचे! घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

मण्याचा माग आणखी मागे काढला तर खंबायतच्या अकीक कारागिरांपाशी येऊन पोहोचता येते. हा उद्योग हडप्पाकालीन परंपरेचा वारसदार आहे. गुजरातमधील लोथल येथे त्या काळची मणी घडवण्याची कार्यशाळा सापडली आहे आणि सिंधू संस्कृतीचे लाल मणी मेसोपोटेमियातील ऊरच्या राजथडग्यांपर्यंत पोहोचले होते. भडोच जिल्ह्यातील रतनपूर परिसरातून निघणारा दगड भाजून त्याचा लाल रंग खुलवायचा, तो हातोडीने छिलायचा, घासायचा आणि हाताने फिरवण्याच्या सामत्याला हिऱ्याची कणी बसवून त्याला भोक पाडायचे, अशी ही विद्या आहे. परंतु विजेच्या चाकावर दगड घासताना उडणारी गारेची धूळ कारागिराच्या फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस जडतो. या रोगावर उपाय नाही. धूळ रोखणे एवढाच मार्ग. काम घराघरांतून चालत असल्याने बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात तीच धूळ जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगारांची होती. अशी घरे तिच्याही बाहेरच राहिली. २०२० च्या नव्या श्रमसंहितेने ती मर्यादा २० वर नेली. संरक्षणाचे कुंपण ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे होते, त्यांच्यापासून ते आणखी दूर सरले.

काँग्रेस समाजवादी पक्षाच्या आघाडीच्या नेत्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाची धुरा वाहिली, ती राजकारण सोडून मन रमवण्यासाठी नव्हे. हाताच्या कौशल्याला मान आणि कारागिराला भाकर या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकच होत्या. ते मंडळ २०२० साली केंद्र सरकारने गुंडाळले. त्याचाही फारसा गाजावाजा झाला नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी छंदाला हसण्याचे सोडून त्याला प्रश्न विचारायला शिकवावे. पक्षाच्या शाखांनी आणि महिला आघाड्यांनी आपल्या कचेऱ्यांतून एखादी संध्याकाळ हस्तकलेसाठी जरूर खुली करावी. चार जणी मणी ओवायला एकत्र बसतात तेथे चार गोष्टी बोलल्याही जातात. त्या बोलण्यात मण्याची किंमत कोणी ठरवली, तो कोणी घासला, त्याला श्वास घेता येतो काय, हेही यावे. घरकाम स्त्री-पुरुषांनी वाटून घेण्याचा आग्रह कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरापासून सुरू व्हावा. आठ तासांच्या दिवसाची मागणी जुनी झाली असे मानू नये. ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणावी. घरी काम करणाऱ्या स्त्रीची कामगार म्हणून नोंद, नगावरील दराला किमान वेतनाचा आधार आणि धुळीच्या धंद्यात कामगारसंख्येची अट न घालता संरक्षण, या मागण्यांवर संघटना बांधावी.

समाजवादाने माणसाला भाकरीचे आश्वासन दिले आहे, तसेच भाकरीनंतरच्या वेळेचेही दिले आहे. दागिना करणारीला तो स्वतःच्या आनंदासाठी करण्याइतकी फुरसत आणि पोटासाठी करणारीला पोट भरेल इतका दाम, ही दोन्ही मिळेपर्यंत ते आश्वासन अपुरेच राहणार आहे.