झुडपी म्हणजे पडीत नव्हे



झुडपी जंगलाच्या जागेवर घरांना परवानगी द्या, असे म्हणणारे पत्र वाचले. ‘तिथं आहे काय, नुसती बोराटी!’ हे वाक्य खटकले. आमच्या शेळ्यांना विचारा. बोरी, पळस, पावसाळ्यात तरोटा. गावची गुरंढोरं त्यावरच जगली.

भावनेचे सोडा. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्ध्यासह पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतले झुडपी जंगल हे वनच, असा निर्वाळा दिला आहे.

जुनी घरे सरसकट पाडली जातील, ही पत्रलेखकाची भीती मात्र निकालाशी जुळत नाही. 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागायची आहे, तीही पर्यायी वनीकरणाच्या अटीविना. त्यानंतरच्या वाटपात आधी जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई, मग प्रस्तावाचा विचार. आणि जंगलाला न लागलेले, तीन हेक्टरहून लहान, वाटप न झालेले तुकडे ‘संरक्षित वन’ व्हायचे आहेत. म्हणजे ‘एवढासा तुकडा, कोण बघतंय’ हेही संपले.

घरे हवीतच, पण जागेचे कागद बघूनच. सिंदी मेघेत भाड्याच्या दोन खोल्यांत मीही संसार केला. एकदा एका ले-आउटमध्ये इसार द्यायला निघालो होतो. रंगीत नकाशात बाग, मंदिर, तीस फुटी रस्ता, सगळे होते. सातबारा मागितला, तर दलाल म्हणाला, ‘भाऊ, तो मागाहून निघते.’ पैसे खिशात ठेवून सायकल वळवली.

— एक रहिवासी, सिंदी (मेघे), जि. वर्धा