बुटाची निगा आणि हाताची कदर

पनवेलचा पाऊस चामड्याचा वैरी. जुलैत कपाटात बंद ठेवलेला बूट पंधरा दिवसांनी काढावा, तर त्यावर पांढरी बुरशी! गेल्या वर्षी असाच एक जोड मी टाकायला निघालो होतो. शाळेच्या वाटेवर बसणाऱ्या मोचीकाकांनी तो हातातून घेतला. म्हणाले, "सर, चामडं सुकलंय, सडलेलं नाही. टाकताय कशाला?"

उपाय साधे आहेत. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसायची. भिजलेला बूट कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवायचा नाही, चामडं तडकतं. आत कागद भरून सावलीत, वाऱ्यावर सुकवायचा, मगच पॉलिश. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही. एकच जोड रोज घालायचा नाही, घाम सुकायला वेळ द्यायचा.

आत कोंबायला उर्दू अखबार मात्र घ्यायचा नाही, त्यात अल्लाहचं नाव असतं, हे अब्बांनी लहानपणीच बजावलेलं. हा अदब मला प्रिय आहे. पण अक्षराचा अदब करणारे आपण, हाताचा करतो का? तळ शिवायचे काकांनी साठ रुपये सांगितले, तर मी घासाघीस करून चाळीसच दिले. दुकानात मात्र अडीच हजार निमूट मोजले होते.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. २०१९ पासून महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावणाऱ्याला आपण स्वतः काय मान दिला? आमच्यात जातपात नाही असं आपण मुसलमान अभिमानाने सांगतो. तरीही रिश्ता जुळवताना "ते चामड्याच्या कामातले आहेत" हे वाक्य आपल्याही घरांत हळू आवाजात बोललं जातं.

नबी करीम (स.) आपली पादत्राणं स्वतः सांधत, असं हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलं आहे. आपण हे तकरीरीत ऐकतो, मान डोलावतो आणि मशिदीबाहेर बसलेल्या मोच्याकडे न बघता निघून जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जोड चांगला घ्या, जपून वर्षानुवर्षं वापरा आणि दुरुस्तीचे पैसे मागितले तेवढे द्या. ते राहिलेले वीस रुपये मी नंतर काकांना नेऊन दिले. ते विसरून गेले होते. मी विसरलो नव्हतो.