मोहाच्या मुलखात कोकोची वडी

शहापूरच्या बाजारपेठेत किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर 'कॅडबरी द्या' म्हटलं, की दुकानदार एवढंच विचारतो, 'पाचवाली की दहावाली?' कंपनी कुठलीही असो, चॉकलेट म्हणजे कॅडबरी. ही रीत साऱ्या महाराष्ट्राची असली, तरी ठाणे जिल्ह्याचं या नावाशी नातं अंमळ जवळचं. ठाण्यात पूर्व द्रुतगती मार्गावरच्या नाक्यालाच लोक कॅडबरी जंक्शन म्हणतात. १९४८ साली ही कंपनी भारतात आली तेव्हा चॉकलेट ही साहेबाघरची चीज होती. आज ते डोळखांब आणि टोकावड्याच्या टपऱ्यांवर माळेने लटकतं आणि शाळा सुटलेली पोरं त्यासाठी हट्ट धरतात.

पाकीट उलटं करून वाचायची सवय मात्र आपल्याला लागली नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव ज्याचं, त्याचाच माल आत सगळ्यात जास्त. स्वस्त चॉकलेटांवर हे पहिलं नाव बहुधा साखरेचं असतं, दुसरं वनस्पती तेलाचं, आणि कोको बिचारा मागच्या बाकावर.

मग बाहेरचं नको, घरी करू, असा विचार कुणीही करील. इथेच खरी गंमत आहे. बचतगटांच्या वर्गांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत 'होममेड चॉकलेट' म्हणून जे शिकवतात, त्याची कृती साधारण एकच. कल्याणहून किंवा थेट क्रॉफर्ड मार्केटमधून स्लॅब आणायचा, तो पातेल्यात वितळवायचा, साच्यात ओतायचा, वर काजूचा तुकडा खोवायचा आणि रंगीत चांदीत गुंडाळायचं. हा स्लॅब बहुतेक वेळा 'कंपाउंड'चा असतो. म्हणजे कोकोची पूड आहे, साखर भरपूर आहे, पण कोकोचं स्वतःचं लोणी, ज्याला बाजारात कोको बटर म्हणतात, ते काढून त्या जागी दुसरी स्वस्त चरबी घातलेली. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी फार तर ५ टक्के चालते. त्याहून जास्त असेल तर तो माल नुसतं 'चॉकलेट' म्हणून विकता येत नाही. घरी वितळवल्याने कंपाउंडचं चॉकलेट होत नाही. फक्त साचा बदलतो.

शिकवणाऱ्यांचीही एक अडचण आहे, ती मान्य करायला हवी. कंपाउंड कसंही वितळवलं तरी सरळ घट्ट होतं, कडक राहतं, चकाकतं. खरं चॉकलेट नखरे करतं. पण ते नखरे तासाभरात समजून घेण्याजोगे आहेत. चकलीचं भाजणीचं पीठ किंवा अनारशाचं आंबवण ज्या घरात होतं, त्या घराला हे जमणार नाही असं मानणं हा त्या घरातल्या बाईचा अपमान आहे.

साधी कृती अशी. कोको बटर १०० ग्रॅम, साखर न घातलेली कोको पावडर ९० ग्रॅम, घरी दळून बारीक चाळलेली पिठीसाखर ५० ग्रॅम, मीठ चिमूटभर. गणित केलं तर यात कोकोचा वाटा ८० टक्क्यांच्या जवळ जातो. एका पातेल्यात पाणी कढत ठेवायचं, वर दुसरं भांडं ठेवून त्यात कोको बटर वितळवायचं. मग गॅस बंद करून पावडर आणि साखर थोडी थोडी घालत गाठी मोडायच्या. घटक एवढेच.

नखरा पहिला, पाण्याचा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं तरी सगळं मिश्रण आवळून त्याचा रवाळ गोळा होतो. साखर आणि कोकोचे कण तोवर चरबीत मोकळे फिरत असतात. पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात. म्हणून ओला चमचा, झाकणाखाली साचलेली वाफ, दोन्ही वर्ज्य. 'साखर नको, मध घाला', 'गुळाचा पाक घाला' असे आरोग्यदायी सल्ले सर्रास दिले जातात. ते देणाऱ्यांनी स्वतः एकदा करून पाहावं. मधात पाणी असतं, गूळ हवेतली ओल ओढतो. गूळ वापरायचाच तर कोरडी गूळ पावडर, तीही मंद आचेवर गरम करून, पूर्ण गार झाल्यावर.

नखरा दुसरा, थंड होण्याचा. कोको बटरचे स्फटिक वेगवेगळ्या तऱ्हांनी जमतात आणि त्यांतली एकच तऱ्हा कामाची. तीच जमली तर वडी कट्‌ आवाज करून मोडते आणि चकाकते. नाही जमली तर चार दिवसांत वर पांढुरके पट्टे येतात. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी असते, खायला हरकत नाही. कारखान्यात यासाठी मिश्रण ४५-५० अंशांपर्यंत तापवतात, २७-२८ पर्यंत खाली आणतात आणि पुन्हा ३१-३२ वर नेतात. घरी थर्मामीटर नसला तरी एक सोपी वाट आहे. दह्याला विरजण लावतात तसं कोमट झालेल्या मिश्रणात आधीच्या, नीट जमलेल्या चॉकलेटचा कीस घालून ढवळत राहायचं. त्या किसातले चांगले स्फटिक बाकीच्यांना आपल्या वळणावर आणतात. बोटाने थेंब ओठाखाली लावून पाहावा. किंचित गार लागला की ओतायला घ्यावं.

तरीही ही वडी दुकानातल्यासारखी मऊसूत लागणार नाही. कारखान्यातले कण इतके बारीक दळलेले असतात की जिभेला ते कळतच नाहीत. मिक्सरची साखर तेवढी बारीक होत नाही, जरा रवाळ लागते. त्यात वाईट काही नाही. मेक्सिकोत कोको शेकडो वर्षं दगडी पाट्यावरच वाटत आले आहेत. आज अमेरिकेतले छोटे चॉकलेटवाले ज्या दगडी यंत्रात कोकोच्या बिया दोन-दोन दिवस दळतात, त्यातली बरीचशी यंत्रं कोइमतूरच्या इडली-डोशाच्या ग्राइंडरचीच सुधारलेली भावंडं आहेत.

कोको बटर महाग आहे आणि तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही, हे खरं. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथली पिकं बसली तेव्हा, २०२४ मध्ये, कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो दोन-तीन हजारांच्या आसपास होता. आपल्याकडे कोको होतो तो आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत. शहापूर-मुरबाडला तो लावायच्या गोष्टी कुणी करू नयेत. त्या झाडाला बारमाही ओल लागते, आणि इथे पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि चैत्रात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. तिथे कोकोला पाणी घालणार कोण?

कोको बटरऐवजी खोबरेल तेल वापरा, असंही सांगतात. चव छान येते, पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास पातळ होतं. मुरबाडच्या वैशाखात फ्रिजबाहेर काढलेली ती वडी पाहुण्यांच्या ताटलीत पोचेपर्यंत खीर होते. त्यापेक्षा कोकमाच्या बियांच्या लोण्याकडे पाहावं. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात ते मुठेल हेच. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज चालतील अशा सहाच वनस्पती चरबी ठरवल्या. त्यांत पाम आणि शिया यांच्या शेजारी साल, आंब्याची कोय आणि आपलं कोकम ही तीन नावं आहेत. कोकमाचं लोणी कोको बटरपेक्षा चढ्या तापमानाला वितळतं, म्हणून उष्ण हवेत वडीला ताठा देतं. पाव किलोला दहा-बारा ग्रॅम पुरे, म्हणजे ५ टक्क्यांची मर्यादाही पाळली जाते. खाण्याच्या दर्जाचं मात्र हवं, टाचांसाठी विकतात ते नव्हे.

आता 'आरोग्यदायी' या बिरुदाकडे. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या लवचीक राहायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली मान्य केलं, तेही दिवसाला २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल पोटात जात असेल तर. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर केलेल्या 'कॉसमॉस' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कोकोचा अर्क घेणाऱ्यांत हृदयविकाराने झालेले मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस फरक पडला नाही. शिवाय त्या लोकांना कॅप्सूल दिली होती, चॉकलेट नव्हे. रंग गडद आणि चव सौम्य करण्यासाठी क्षार लावलेल्या कोको पावडरीत तर फ्लॅव्हनॉल बरेच घटतात, म्हणून पाकिटावर 'अल्कलाइज्ड' लिहिलं असेल तर ती आपल्या कामाची नाही. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०२२ च्या अखेरीस २८ डार्क चॉकलेटं तपासली. त्यांतल्या २३ मध्ये शिसं किंवा कॅडमियम इतकं निघालं, की रोज साधारण २८ ग्रॅम खाणं त्यांना काळजीचं वाटलं. वर १०० ग्रॅमला साडेपाचशे ते सहाशे कॅलरी आहेतच. मोठ्या माणसाने जेवणानंतर एक-दोन छोट्या वड्या खाव्यात. यापलीकडे कुणी औषध म्हणून खपवू लागलं, तर त्याच्यापासून दूर राहिलेलं बरं. कातकरी वाड्यांवरच्या कुपोषित पोरांना तर 'लोहयुक्त चॉकलेट'ची नव्हे, डाळ, अंडं आणि नाचणीची गरज आहे.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना चॉकलेटमध्ये खरोखर स्वतःचं काही घालता येईल, ते आहे मोह. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या बाया-पोरं तो वेचतात आणि अंगणात वाळवतात. सुकलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. तरी मोह म्हटलं की शहरी माणसाला दारूच आठवते, आणि सरकारलाही बराच काळ तेवढीच आठवत होती. मुंबई दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली फुलं साठवण्यावर आणि नेण्या-आणण्यावर निर्बंध होते. ते २०२१ मध्ये उठले. घरात मात्र भाजलेला मोह तिळाबरोबर कुटून लाडू वळायची पद्धत जुनीच आहे.

तोच मोह वडीत चालतो, अट पाण्याचीच. आतले केसर काढून फुलं मंद आचेवर भाजायची. गरम असताना ती चिकट लागतात, गार झाल्यावर कुरकुरली पाहिजेत. मग दळून, चाळून घ्यायची. वरच्या मापात साखर निम्मी करून २५ ग्रॅम ठेवावी आणि ३० ग्रॅम मोहाची पूड घालावी. मनुकांसारखी गोडी येते आणि मागून मोहाचा उग्र वास. तो सगळ्यांना आवडेलच असं नाही, म्हणून पहिल्यांदा हात आखडताच बरा. वरून रानातली चारोळी पेरावी.

मोसमाचा एक पेच आहे. मोह पडतो तेव्हा इथे पारा चाळिशीला टेकतो, आणि विजेचा भरवसा नसलेल्या गावात फ्रिजवर विसंबून चॉकलेट करणं म्हणजे आगीशी खेळ. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या वडीवर ओल धरते, ती वेगळीच. पण सुकलेला मोह घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्‌महिने टिकतो. वड्या मार्गशीर्ष-पौषात कराव्यात. तेव्हा रात्रीच्या गारव्यात त्या ओसरीवरच्या परातीतसुद्धा जमतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, गुरांच्या बाजारापासून घोंगड्यांपर्यंत सगळं तिथे विकलं जातं आणि मिठाईची दुकानं ओळीने लागतात. मोहाच्या वडीचं पहिलं गिऱ्हाईक मुंबईच्या मॉलमध्ये शोधण्यापेक्षा तिथे शोधावं.

विकायला काढायचं तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. पाकिटावर घटक, तारीख, वजन, पत्ता लागतो. यातलं काही इथल्या लोकांना न झेपणारं नाही. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने वनधन योजनेखाली गुळवेल गोळा करून, सुकवून, थेट मोठ्या औषधी कंपन्यांना विकली. ज्या रानवेलीकडे तोवर कुणी बघत नव्हतं, तिच्यावर कातकरी तरुणांनी धंदा उभा केला. 'उमेद' अभियानाच्या बचतगटांना चॉकलेटचं प्रशिक्षण देणाऱ्यांनी पुढच्या वेळी स्लॅबचं खोकं कल्याणलाच ठेवून यावं. सोबत कोको बटर, साधी कोको पावडर आणि एक थर्मामीटर आणला तरी पुरे, मोह आणि चारोळी गटातल्या बायकाच घेऊन येतील.